घरची बातमी

बोरजाईवाडीत त्यांना 'सांगलीच्या बाई' म्हणत आणि सांगलीत 'लोणंदकडे असतात त्या'. काही माणसांच्या वाट्याला हे असलं येतं. राहतात तिथे ती परकी, आणि घरी जातात तेव्हा पाहुणी. पूर्ण नाव कुमारी प्रमोदिनी गोपाळकृष्ण आठल्ये. त्यातल्या 'कुमारी'वर गावातल्या बायकांनी सुरुवातीला बराच खल केला. मग चाळिशी उलटलेल्या बाईला कुमारी म्हणणाऱ्या सरकारचीच कीव करून त्यांनी तो विषय सोडून दिला.

बाई गावच्या एकशिक्षकी शाळेत होत्या. पहिली ते चौथी एकाच खोलीत, चार भिंतींकडे चार वर्गांची तोंडं. शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तसं त्यांना सांगणारंही कुणी नव्हतं. वडील गेल्यावर सांगलीच्या गावभागातल्या दोन खोल्या धाकट्या भावाच्या, अनंतच्या, संसारालाच पुरेनाशा झाल्या. दिवाळीत आणि मे महिन्यात बाई लोणंदहून पॅसेंजर पकडून तिकडे जात. भावजय शरयू स्वभावाने वाईट नव्हती. फक्त पहिला चहा पुढे ठेवतानाच ती विचारी, "वन्सं, यंदा किती दिवस आहात?" बाई दिवस सांगत आणि त्याच्या आधीच काहीतरी निमित्त काढून निघत.

वाडीतली त्यांची खोली हरिबाच्या घराला लागून होती. दार वेगळं, भिंत एक. दिवे लागले की भिंतीपलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येई, कुणी कुणावर डाफरे, कुणी हसे, हरिबाची बायको बनाबाई म्हशीलाही माणसासारखी बोले. भिंतीच्या अलीकडे बाई मूठभर तांदूळ धूत. एकटीसाठी भात लावण्याइतकं केविलवाणं काम नाही. कितीही कमी टाकला तरी तो उरतो. उरलेला भात सकाळी फोडणीला टाकून खाताना बाईंना कित्येकदा रडू यायचं, आणि मग त्या मिरचीला दोष द्यायच्या.

या एकटेपणातूनच 'घरची बातमी' निघाली. तसं बाईंनी कधी कबूल केलं नसतं, पण खरं ते हेच.

शाळेत रोज सकाळी परिपाठ होई. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि मग आजची बातमी. बातमी म्हणायला आजची, वर्तमानपत्र मात्र कालचं, कारण ते दुपारच्या एसटीने येई. चौथीतला एखादा पोरगा अडखळत वाचायचा की अमुक देशाच्या शिष्टमंडळाने तमुक देशाला भेट दिली, आणि बाकीची पोरं उंदरासारखी डोळे मिचकावत बसायची. एक दिवस बाईंनी पेपर मिटून ठेवला. म्हणाल्या, "शिष्टमंडळ राहू दे. आज प्रत्येकाने आपापल्या घरची बातमी सांगायची."

नाथाजीचा गुंडा उठला आणि चड्डी सावरत म्हणाला, "बाई, आमची म्हस याली. रेडी झाली."

टाळ्या पडल्या. बघता बघता पोरांची तोंडं सुटली. कुणाच्या चुलत्याने दारू सोडली, कुणाच्या आत्याचं लग्न मोडलं, कुणाकडे पुरणपोळी करपली म्हणून आज्जी आणि आईत जुंपली. एरवी नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरणारी पोरं घडाघडा बोलू लागली. शिकवण्याचा हा प्रकार खरोखरच नामी होता. पण बाईंच्या लेखी त्याचं मोल निराळंच होतं. रोज सकाळी सगळ्या वाडीची चूल त्यांच्या पुढ्यात येऊन पडे. संध्याकाळी भात लावताना त्या मनातल्या मनात त्या आत्याची समजूत काढत, आज्जीला दोन शब्द सुनावत. कुणाच्याच घरच्या नसलेल्या बाई अशा रीतीने सगळ्यांच्या घरच्या झाल्या.

या बातम्यांत हरिबाची नात मनू हिची तऱ्हा वेगळी होती. दुसरीतली पोर. आई नाही, बाप पलटणीत, आजी-आजोबांनी वाढवलेली. मनू कधी तिखटमीठ लावायची नाही. गुंडा म्हणाला की आमच्या रानात हातभर लांबीचा विंचू निघाला, तर ही उठून म्हणायची, "बाई, मीबी बघितला. बोटाएवढा हुता." गुंडा चिडायचा, पण मनूने बघितलं म्हटलं की वर्ग तिचंच खरं मानायचा. रोज संध्याकाळी ती बनाबाईने दिलेलं ताक तांब्यातून घेऊन बाईंच्या खोलीवर येई, आणि बाई तिची वेणी घालत. बाईंच्या आयुष्यात दुसऱ्या माणसाला हात लागण्याची ती तेवढीच एक वेळ होती.

मग पंच्याहत्तर सालचा पावसाळा आला आणि आणीबाणी लागली. वाडीला आधी तिचा पत्ताच नव्हता. फाट्यावरच्या भिंतीवर शिस्तीची वाक्यं रंगवली गेली, तलाठी वेळेवर यायला लागला, आणि म्हातारी माणसं म्हणाली की चांगलं आहे की. आणीबाणी बाईंच्या शाळेत शिरली ती विस्तार अधिकारी साहेबांच्या मोटारसायकलवर बसून.

साहेब राक्षसबिक्षस नव्हते. इस्त्रीचा बुशशर्ट, मृदू बोलणं, खिशात पोरांसाठी लिमलेटच्या गोळ्या. तपासणीला आले ते नेमके परिपाठाच्या वेळी. एका पोराने त्या दिवशीची घरची बातमी दिली, "आमचा आज्जा म्हनला, आता गप ऱ्हावा, बोलायची सोय न्हाई ऱ्हायली." बाई त्याला खाली बसवायला पुढे झाल्या. साहेबांनी मात्र त्या पोराला जवळ घेतलं, गोळी दिली आणि आज्जाचं नाव गोड आवाजात विचारून घेतलं.

जाताना ते म्हणाले, "बाई, तुम्ही काय करून ठेवलंय, तुम्हाला कल्पना नाही. सबंध तालुक्यात असा उपक्रम नाही. याला थोडं वळण द्या. म्हशी-रेड्या पुरे. देशाच्या कामाची बातमी येऊ द्या."

इतक्या वर्षांत बाईंच्या कामाबद्दल एवढं लांबलचक कुणी बोललं नव्हतं. त्या रात्री त्यांना भात उरल्याचं वाईट वाटलं नाही.

वळण कसं द्यायचं ते साहेबांनीच सांगितलं. घरात, रानात, पारावर देशाच्या कामाच्या आड कोण काय बोलतं, कोण काय लपवतं, ते पोरांनी येऊन सांगायचं. सगळ्यांत चांगली बातमी देणाऱ्याच्या छातीला दिवसभर लाल फीत. खोटी बातमी देणाऱ्याशी अबोला. आणि ही सगळी शिकवण पोरांच्या अंगवळणी पडावी म्हणून बाईंनी ती चालीवर बसवली. बाईंचा गळा गोड होता. पाढे म्हणून झाले की पोरं माना डोलावत म्हणायची:

"घर लहान, देश थोर,
लपवून ठेवतो तोच चोर.
'सांगू नको' म्हणेल जो,
आधी सांगा त्याचंच हो!"

पोरांना त्यात गंमत वाटे. लगोरी खेळताना, शेळ्या हाकताना तीच चाल. दोन महिन्यांत असं झालं की बाईंना ते म्हणवून घ्यावं लागेना. साताऱ्याला शिक्षकांचं शिबिर भरलं तिथे साहेबांनी बाईंना बोलवून घेतलं. बाईंनी भरल्या सभागृहापुढे आपला उपक्रम सांगितला, चाल म्हणून दाखवली, हार गळ्यात पडला. परत येताना त्यांनी कंदी पेढे घेतले आणि एसटीत बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हे द्यायचे कुणाला. शेवटी पोरांना वाटले.

पुढच्या साली नसबंदीच्या ऑपरेशनची मोहीम सुरू झाली. गावोगाव जीप फिरू लागली, तिचा आवाज आला की बापये पांगू लागले. एका सकाळी गुंडा छाती काढून उठला. "बाई, आमचं आबा जीप आली की उसात जाऊन बसत्यात. पाटाकडच्या फडात. आई तितंच भाकरी नेती."

बाईंनी फीत लावली. साहेब त्याच आठवड्यात येऊन गेले आणि पोरांनी त्यांच्यापुढे सगळ्या बातम्या पुन्हा म्हणून दाखवल्या. आठवडा उलटायच्या आत जीप सरळ पाटाकडे गेली आणि फडाला माणसांनी वेढा घातला. नाथाजीला लोणंदच्या दवाखान्यात नेऊन परत आणून सोडलं. तो घरी आला तो गुंडाशी बोलेना. मारलंही नाही. पोरगं समोर आलं की तो भाकरीचं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाई. गुंडाला कळेना की शाळेत फीत मिळते त्याच गोष्टीला घरी ताट का उचलतात. त्याने ते बाईंना विचारलंसुद्धा. बाई म्हणाल्या, "देश मोठा असतो रे." आणि फळ्याकडे वळल्या.

वाडीला समजायचं ते समजलं. कुणी भांडायला आलं नाही, कुणी अर्ज केला नाही. वाडी नुसती गप्प झाली. पारावर पोर फिरकलं की माणसं तंबाखू मळत आभाळाकडे बघत. विहिरीवर बायका पोरींच्या देखत फक्त पाणी शेंदत. भिंतीपलीकडे बनाबाई म्हशीशीही बोलेनाशी झाली, कारण मनू तिथेच असायची. भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येई. ज्या आवाजांच्या आधारावर बाई संध्याकाळ काढत, ते त्यांच्याच चालीने बंद पाडले होते. त्यांना हे कळलं नाही असं नाही. पण एकदा हार गळ्यात पडलेल्या माणसाला तो काढून ठेवणं जड जातं, आणि आता साहेबांची भीतीही होती.

सगळ्यांत वाईट अवस्था मनूची झाली. घरात कुणी तिच्यासमोर बोलेना, म्हणून शाळेत सांगायला काही उरेना. बाकीची पोरं काहीबाही रचून सांगत. मनूला रचता येत नसे. तिची पाळी आली की ती उभी राहून म्हणे, "बाई, आमच्या घरी कोनच कायच बोललं न्हाई." पोरं हसत. लाल फीत तिच्या वाट्याला एकदाही आली नाही, आणि वेणी घालून घेताना ती बाईंना विचारी, "बाई, मी वाईट हाय का?"

"नाही ग," बाई म्हणत आणि वेणी जरा जास्तच घट्ट ओढत.

शहात्तरच्या दसऱ्याच्या सुमाराला एका रविवारी दुपारी बाईंच्या दारावर थाप पडली. उघडतात तो अनंत. दाढी वाढलेली, एक पाय सुजून टम्म. कुपवाडच्या कारखान्यात तो कारकून होता. तिथल्या मित्रांबरोबर त्याने सरकारच्या विरोधात पत्रकं वाटली होती. बाकीचे पकडले गेले, हा निसटला. मधल्या एका स्टेशनावर उतरून रानारानाने चालत आला होता.

"ताई, परवा पहाटेपर्यंत ठेवून घे," तो म्हणाला. "नीरेहून माणूस येणार आहे न्यायला. तोवर पाय टेकवत नाही बघ."

बाईंनी त्याला आत घेतलं, कडी लावली, पाय गरम पाण्यात धरला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे राहायला आलं होतं. भीती तर वाटत होतीच, पण खोटं कशाला सांगा, त्यांना आनंदही झाला होता. दोघांचा भात लावताना पाण्याचा अंदाज चुकला.

बाहेर पोरं लगोरी खेळत होती. खेळता खेळता त्यांनी सूर धरला. अनंत कान देऊन ऐकत राहिला.

"'सांगू नको' म्हणेल जो... हे कोणी शिकवलं गं पोरांना?"

"मी," बाई म्हणाल्या.

अनंत बहिणीकडे पाहत राहिला. मग त्याने पाय पाण्यातून काढून घेतला आणि स्वतःच पुसला. तेवढंच. पण बाईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं.

संध्याकाळी मनू ताक घेऊन आली. बाई दारातच तांब्या घ्यायला गेल्या, पण पोर रोजच्या सवयीने त्यांच्या हाताखालून आत शिरली, वेणी घालून घ्यायला. समोर अनंत भिंतीला टेकून भात कालवत होता. मनूने त्याच्याकडे पाहिलं, दाढीकडे पाहिलं, सुजलेल्या पायाकडे पाहिलं.

बाईंच्या ओठांवर दोन शब्द आले होते. सांगू नको. जगातली कुठलीही बाई अशा वेळी पोराला जवळ घेऊन हेच म्हणाली असती आणि पोरानेही ऐकलं असतं. पण मनूला तेवढे दोन शब्द सांगायची सोय बाईंनी ठेवली नव्हती. ते ऐकताच काय करायचं, हे त्यांनी वर्षभर तिच्याकडून सुरात म्हणवून घेतलं होतं. त्यांनी मुकाट्याने वेणी घातली, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, "जा आता. आजी वाट बघत असेल."

थोड्या वेळाने बनाबाई स्वतः आली. दाराबाहेरूनच तिने टोपली आत सरकवली. त्यात चार भाकऱ्या आणि झुणका होता. "दोघास्नी हुतंय," एवढंच ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून निघून गेली. वाडीतली सगळी जाणती माणसं दुपारपासून ओळखून होती. कुणाच्याही तोंडून ते बाहेर पडणार नव्हतं. धोका होता तो फक्त नऊ वर्षांच्या एका पोरीकडून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब शेजारच्या तालुक्यातल्या शिक्षकांना उपक्रम दाखवायला घेऊन येणार, हे महिनाभर आधी ठरलेलं होतं.

सोमवारी शाळेपुढे जीप लागली. पाहुणे खुर्च्यांवर बसले. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, चाल म्हणून झाली. गुंडा काही बोलला नाही, आताशा तो बोलतच नसे. आणखी दोघांनी रचलेलं काहीतरी सांगितलं. मग मनू उठली. केसांना तेल चोपडलेलं, तोंड धुऊन लख्ख. ती बाईंकडे बघून हसली. तिच्यापाशी आज खरी बातमी होती, आणि तीही तिच्या सगळ्यांत आवडत्या माणसाच्या घरची.

"आज मी बाईंच्या घरची बातमी सांगते," मनू म्हणाली. "बाईंच्या खोलीत येक मानूस हाय. दाढी वाढल्याली हाय. त्याचा डावा पाय सुजलाय. बाई आतनं कडी लावून त्याला ठेवत्यात."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बाईंवर स्थिर झाले. पाहुण्यांपैकी कुणीतरी खाकरलं. मनू फितीसाठी छाती पुढे करून उभी होती.

बाईंना तेवढ्यात खूप काही दिसलं. अनंतच्या हातातल्या बेड्या, शरयू आणि तिची पोरं, स्वतःची नोकरी. मनूही दिसत होती, पण ती त्या गर्दीत मागे पडली.

"मनू," त्या म्हणाल्या. आवाज त्यांच्याही ओळखीचा नव्हता. "खोटं बोललीस."

"न्हाई बाई. मी बघितलं."

"काय बघितलंस? माझ्या खोलीत कोणी नाही. फीत मिळावी म्हणून रचून सांगतेस?" त्या साहेबांकडे वळल्या. "हिला अजून एकदाही फीत मिळालेली नाही, साहेब. म्हणून हे."

कारण इतकं पटण्यासारखं होतं की साहेब मोकळं हसले. वर्गही हसला. साहेब उठून मनूपाशी गेले आणि गोड आवाजात पोरांना विचारलं, "खोटी बातमी देणाऱ्याला काय करायचं असतं?"

"अबोला!" सगळी पोरं ओरडली.

"किती दिवस?"

हे बाईंच्या नियमात नव्हतं. साहेबांनीच उत्तर दिलं, "खोटं बोलले असं ती स्वतः कबूल करेपर्यंत."

मंगळवारी पहाटे नीरेहून माणूस आला आणि अनंत गेला. जाण्यापूर्वी शाळेत काय झालं ते बाईंनी त्याला सांगितलं नाही. तो सुखरूप पोचल्याचा निरोप कुणाकडून तरी आला तेव्हा त्या देवापुढे बसून रडल्या. पण मनूचं काय करायचं हे त्यांना सुचेना. आता खरं सांगावं तर गुन्हेगाराला लपवलं म्हणून आपल्याला धरतील, अनंतचा माग काढतील. थोडे दिवस जाऊ देत, त्या स्वतःला सांगत. रोज सांगत.

मनू हटत नव्हती. वर्गात कुणी तिच्याशेजारी बसेना. लगोरीत कुणी घेईना. ती प्रत्येक परिपाठाला उभी राहून तेच म्हणे, "मी बघितलं." घरी जाऊन आजीला विचारी, "आज्जे, तू चार भाकरी दिल्त्या का न्हाई?" बनाबाई म्हणे, "न्हाई गं बाय. तुला भास झाला." हरिबा म्हणे, "आमाला तर कोन दिसलं न्हाई." पारावरची माणसंही तेच म्हणत. कितीतरी महिन्यांनी वाडी बाईंच्या बाजूने उभी राहिली होती. इतक्या मायेने, इतक्या एकमताने, की त्यात एक पोर चिरडतंय हे कुणाला दिसलं नाही. किंवा दिसलं असेल, पण गप्प राहायची सवय आता सगळ्यांना लागली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी मनू उभी राहिली आणि म्हणाली, "मी खोटं बोलले. बाईंच्या खोलीत कोन न्हवतं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिला खेळात घेतलं. बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली, पण त्यांना नावं वाचता येईनात.

ताक येत राहिलं. मनू उंबऱ्यावर तांब्या ठेवून उभी राही, आत येत नसे. वेणी आता ती स्वतःच घाली, वाकडीतिकडी.

सत्याहत्तरच्या मार्चात निवडणूक झाली, सरकार पडलं, आणीबाणी उठली. भिंतीवरची वाक्यं कुणीतरी चुन्याने पुसली. साहेबांची बदली झाली. पारावर माणसं पुन्हा तावातावाने बोलू लागली. नाथाजीही हळूहळू गुंडाच्या पंगतीला बसू लागला. बाईंनी घरची बातमी बंद केली आणि परिपाठाला पुन्हा कालचा पेपर वाचायला घेतला. पोरं पुन्हा डोळे मिचकावू लागली. सगळं मूळ पदावर आलं असं कुणालाही वाटलं असतं. बाईंना मात्र रोज संध्याकाळी उंबऱ्यावरचा तांब्या दिसत होता. एका माणसाला खरं सांगायचं राहिलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय या गावात आपलं असं कुणी उरणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मे महिन्यात अनंत उजळ माथ्याने वाडीत आला. दाढी काढलेली, हातात सांगलीच्या भडंगाचा पुडा. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. त्याने भडंगाचा पुडा बाजूला सारला. मग म्हणाला, "बोलाव तिला. माझ्यासमोर सांग."

मनू आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. बाईंनी तिला हाताला धरून आत घेतलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, तिच्या तोंडाला तोंड येईल अशा.

"मनू, हे माझे भाऊ. दसऱ्याच्या वेळी हेच इथे होते. या भिंतीला टेकून भात खात होते, तू ताक घेऊन आली होतीस. तू खरं बोलली होतीस, बाळ. खोटं मी बोलले."

मनूने अनंतकडे पाहिलं आणि पाहुण्याला करतात तसा वाकून नमस्कार केला.

"ह्यास्नी मी आज पैल्यांदाच बघतीया," ती म्हणाली.

"अगं, दाढी होती तेव्हा. पाय सुजला होता. डावा पाय. तूच सांगितलं होतंस की."

"त्ये मी रचून सांगितलं हुतं. फितीसाठी."

"नाही ग मनू!" बाईंनी तिचे दोन्ही खांदे धरले. त्यांना रडू आवरेना. "तू रचत नाहीस. तू कधीच रचलं नाहीस. आठव जरा. तू आपल्या डोळ्यांनी बघितलं होतंस."

मनू घाबरली नाही, रडली नाही. बाईंच्या चेहऱ्याकडे ती निरखून बघत राहिली. गणित सोडवताना उत्तर बरोबर येतंय की चुकतंय हे पोरं बाईंच्या चेहऱ्यावरून ताडतात, तशी. मग तिला ते सापडलं असावं.

"बरं," ती समजूतदारपणे म्हणाली. "मग आता बघितलं हुतं असं म्हनायचं का, बाई?"

आणि त्या सांगतील तसं म्हणायला ती हात जोडून उभी राहिली.